पाच खणांचं घर

वैशाखातली दुपार आहे. साल 1905, गाव उदगीर. तालुका निजामाच्या बीदर जिल्ह्यात मोडतो, बाजारात हाली सिक्का चालतो, आणि किल्ल्याजवळच्या ज्या गल्लीत तुम्ही उभे आहात तिथं या घटकेला चिटपाखरू दिसत नाही. दोन्ही अंगांना काळ्या दगडाच्या उंच भिंती, जवळजवळ बिनखिडकीच्या. गल्ली इतकी अरुंद की एका भिंतीची सावली दुसरीच्या पायाला टेकते. तुम्ही आपसूक त्या सावलीच्या कडेनं चालू लागता.

उदगीर काही वाळवंटात नाही. बालाघाटाच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच वसलेलं हे गाव. पाऊस लागला की काळ्या रानात पाय रुतून बसतो. पण होळीपासून मृगापर्यंत इथलं आभाळ वाळवंटाचंच असतं. हवा कोरडी, ढगाचा पत्ता नाही, दिवसा पारा चाळिशीला भिडतो आणि रात्री चांगलाच खाली उतरतो. दिवस आणि रात्र यांच्यातला हा फरक ध्यानात ठेवा. इथली घरं त्या फरकाच्या हिशेबानं बांधलेली आहेत.

एका उघड्या दारातून हाक येते. "आत या की. आसल्या उनात कुठं फिरायलाव?"

तुम्ही ढेळजेत पाऊल टाकता. मोठ्या दाराच्या आतली ही दोन्ही बाजूंना ओटे असलेली जागा म्हणजे घराची पहिली गाळणी. ऊन, धूळ आणि अनोळखी माणूस, तिघंही इथंच थांबतात. एक म्हातारे गृहस्थ तांब्या पुढं करतात. रांजणातलं पाणी घशाखाली उतरतं. डोळे अंधाराला सरावेपर्यंत अंगावरचा घाम सुकलेला असतो. चौक ओलांडून ओसरीवर, आणि ओसरीवरून माजघरात जाल तसतसा गारवा वाढत जातो. माजघरात तर अंधारच आहे. उजेड येतो तो वरून, माळवदाला पाडलेल्या सान्यातून. उन्हाचा एक तिरपा पट्टा शेणानं सारवलेल्या जमिनीवर पडलाय आणि चुलीचा धूर त्याच वाटेनं वर निघालाय.

भिंतीवर तळहात ठेवा. थंड लागते. ही भिंत दोन हात जाड आहे. तिच्यात देवळ्या आहेत, कोनाडे आहेत, एका ठिकाणी तर ज्वारी साठवायचं बळद आहे. बाहेरच्या अंगाला आत्ता जे ऊन आदळतंय ते दगडमातीतून इंचाइंचानं आत सरकतं. एक फूट जाडीची माती पार करायला उन्हाला साधारण नऊ-दहा तास लागतात. या भिंतीतून ते पुरतं आत पोचायच्या आधी रात्र होते, बाहेरचा दगड निवू लागतो आणि ऊब आल्या वाटेनं मागं फिरते. त्यामुळं माजघराला दुपार आणि मध्यरात्र यांतला फरक फारसा कळतच नाही. वर माळवदही तसंच: कड्यांवर बारीक लाकडं, त्यावर पाला, त्यावर धुम्मस करून घट्ट बसवलेली पांढरी माती. ही माती रानातल्या काळ्या मातीसारखी फुगत नाही, तिला तितक्या भेगा पडत नाहीत, पाणी तिच्यातून सहसा झिरपत नाही. पिकं काळीत आणि घरं पांढरीत, हा इथला जुना शिरस्ता आहे.

गृहस्थांना वाटतं तुम्ही घर बांधायच्या विचारात आहात. ते तुम्हाला शेजारी नेतात. तिथं काम सुरू आहे.

सुतार दोन बाभळीचे खांब दगडी तळखड्यांवर उभे करतोय. खांबांवर तुळई. पुढं ठरावीक अंतरावर आणखी दोन खांब, त्यांवर दुसरी तुळई. या दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. रुंदी सहसा पाच-सहा फुटांच्या घरातली, कारण बाभळीची किंवा लिंबाची कडी त्याहून लांब घेतली तर मातीच्या भारानं वाकते. सागवान श्रीमंताच्या वाड्याला. बाकीच्यांचं घर गावच्या झाडाच्या लांबीवर ठरतं.

"किती खणाचं काढायलाव?" सुतार तुम्हालाच विचारतो.

तुम्ही काही बोलायच्या आत गृहस्थ म्हणतात, "आधी तीन काढा म्हणावं. पोरगं कर्तं झालं की मग दोन."

आज जगभरातले वास्तुरचनाकार ज्या गोष्टीवर परिसंवाद भरवतात ती इथं एका वाक्यात बोलली गेली. ठरलेल्या मापाचा एक घटक घ्यायचा, तो पुन्हा पुन्हा जोडत न्यायचा, घर कुटुंबाबरोबर वाढवायचं. कुणाचं घर तीन खणांचं, कुणाचं पाच, देशमुखाच्या वाड्याचे खण मोजायला वेळ लागेल. पण माप तेच, सुतार तोच, आणि मोडलेल्या घराची तुळई दुसऱ्या घरात बसते. गावातल्या कितीतरी तुळयांना जुन्या खाचा दिसतात. त्या आधी कुठल्यातरी दुसऱ्या घरात होत्या.

आणि ही शहाणीव एकट्या या गावाची नव्हे. इथून पाऊण दिवसाच्या घोडदौडीवर बीदर आहे. पंधराव्या शतकात बहमनींच्या राजवटीत इराणी कसबाचे लोक तिथं आले आणि त्यांनी जांभ्या खडकाखाली भुयारं खोदून पाणी खेळवलं. लोक त्याला सुरंग बावी म्हणतात. इराणच्या वाळवंटातली करेझची विद्या दख्खनच्या पठारावर रुजली ती अशी. कोरड्या मुलखातल्या माणसांनी एकमेकांकडून शिकायला कधी कमीपणा मानला नाही.

आता गवंड्याकडे वळा, कारण तुम्हाला 1905 सालात आणलं ते त्याच्यासाठी.

तो भिंत रचतोय. खरं तर तो दोन भिंती रचतोय, एक बाहेरची आणि एक आतली. घडलेली तोंडं दर्शनी बाजूला, आणि दोहोंच्या मधल्या पोकळीत गोटे, खडे, माती. वरून पाहिलं तर हे स्पष्ट दिसतं. बाहेरून मात्र एकसंध, गढीसारखी भक्कम भिंत वाटते. आतला थर आणि बाहेरचा थर एकमेकांना धरून ठेवणारा, भिंतीच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत जाणारा आरपार दगड कुठं दिसतोय का पाहा. फार थोडे. काही ठिकाणी एकही नाही.

तुम्हाला माहीत आहे पुढं काय होणार ते. म्हणून तुम्ही बोलता. "मिस्त्री, मधून आरपार दगड घाला ना. दर दोन-तीन हातांवर एक."

तो वर बघतो. रागावत नाही. "मालक, हा काळा पाषाण हाय. दोन हात लांब दगड काढायला वडाराचा दिस जातो. त्याची मजुरी कोन देनार? आन् भिंत काय पळून जायली का?"

त्याचं चुकतंय असं त्याला कोणत्याच अनुभवानं सांगितलेलं नाही. त्याच्या आज्यानं अशाच भिंती रचल्या आणि त्या उभ्या आहेत. जमीन हलते ही गोष्ट या पठारावर कुणाच्या आठवणीत नाही.

रात्री तुम्ही सगळ्यांबरोबर माळवदावर झोपायला जाता. खाली घर भिंतीत गारवा साठवतंय, वर उघड्या आभाळाकडं मातीची ऊब निघून चाललीय. पहाटे अंगावर वाकळ ओढावी लागते.

उठू नका. इथंच, याच माळवदावर बसून राहा आणि वर्षं जाऊ द्या.

मृग जवळ आला की घरधनी टोपल्यांनी पांढरी माती वर आणतो, भेगा बुजवतो, एक नवा थर चढवतो, बडवून घट्ट करतो, पन्हळ मोकळं करतो. पुढच्या साली पुन्हा. त्याच्या मागं त्याचा मुलगा. जुनी माती काढायची कुणाला उसंत नसते, नवी टाकणं सोपं. तुमच्या बुडाखालचं छत थोडं थोडं उंच होत जातं. सप्टेंबर 1948 मध्ये निजामी संपते. 1956 मध्ये उदगीर जागचं न हलता बीदरमधून उस्मानाबाद जिल्ह्यात येतं. 1972 चा दुष्काळ येतो, घरातली माणसं खडी फोडायला जातात आणि त्या साली माळवदाकडं बघायला कुणी उरत नाही. 1982 मध्ये लातूर जिल्हा होतो. टीव्हीचा अँटेना माळवदात रोवला जातो. मातीचा थर आता कुठं दीड फूट आहे, कुठं दोन.

हिशेब करून पाहा. दोन फूट मातीचं वजन दर चौरस मीटरला नऊशे किलोच्या पुढं जातं. दहा बाय दहाच्या एका खोलीवर साधारण नऊ टन. ते तोलायला खाली बाभळीचे खांब, ज्यांचे सांधे नुसते एकमेकांवर बसवलेले आहेत, आणि भोवती दोन सुट्या थरांची भिंत.

29 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशी. मिरवणुका उशिरापर्यंत चालल्या, गुलाल अंगावर तसाच ठेवून माणसं झोपली. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी खालून आवाज येतो आणि उदगीर हलतं. फळीवरची भांडी कोसळतात, कुत्री ओरडतात, गल्लीत माणसांचे लोंढे येतात. भिंतींना तडे गेलेत, पण तुमचं घर उभं आहे. सरळ रेषेत साठ-पासष्ट किलोमीटरवर नैर्ऋत्येला किल्लारी आहे. तिथून काय कळतं ते उजाडल्यावर.

तुम्ही मिळेल त्या गाडीनं निघता. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, पेठसांगवी. गावं नाहीत तिथं. दगडमातीचे ढीग आहेत, आणि ढिगांवर हातांनी उकरणारी माणसं. ती कुणाची तरी नावं घेऊन हाका मारताहेत. सरकारी आकड्यांप्रमाणं जवळपास आठ हजार माणसं त्या पहाटे गेली. काही जण याहून मोठा आकडा सांगतात. आकडा काहीही घ्या, तुमच्यासमोर जे आहे ते त्यात मावत नाही.

तरीही बघा, कारण बघणं हे इथं तुमचं काम आहे. भिंत कशी गेली? बाहेरचा थर गल्लीत पडला, आतला थर खोलीत, झोपलेल्या माणसांवर, आणि मधली गोटेमाती दोहोंच्या मधून ओतली गेली. आरपार दगड नव्हता. मग वरून माती आली. अनेकांना दगडानं मारलं नाही, त्या मातीनं श्वास कोंडून मारलं. पण काही ठिकाणी एक गोष्ट दिसते आणि तुम्ही थबकता. भिंती चारी बाजूंना पसरल्यात, आणि मधोमध खण उभे आहेत. खांब, तुळया, कड्या, त्यांवर माळवद तसंच. जिथं लाकडी सांगाड्यानं छत स्वतःच्या बळावर पेललं होतं तिथं खालची माणसं वाचली. जिथं खांब कमी घालून तुळया भिंतीवर टेकवल्या होत्या, तिथं भिंतीबरोबर सगळं गेलं. गावाबाहेरच्या कुडाच्या झोपड्यांत, तुराट्या आणि पाचटाखाली झोपलेली गरीब माणसंही बऱ्याच प्रमाणात वाचली. त्यांच्या अंगावर पडण्यासारखं जड काही नव्हतं.

मला वाटतं मराठवाड्याच्या घराचा सगळा निकाल त्या दोन दृश्यांत होता. खण दोषी नव्हता. पांढरी मातीही मुळात दोषी नव्हती. दोष न बांधलेल्या भिंतीचा होता आणि पिढ्यान्‌पिढ्या साचू दिलेल्या ओझ्याचा. रुरकी विद्यापीठाचे आनंद स्वरूप आर्य आणि त्यांच्यासारख्या तज्ज्ञांनी हे ओळखलं होतं. त्यांचे उपाय आजही साधे वाटतात: भिंतीला भोक पाडून त्यात सळी आणि काँक्रीट भरून आरपार दगड तयार करायचा, कोपरे बांधायचे, घराभोवती पट्टा फिरवायचा, खांब आणि तुळईच्या कोनात तिरपे टेकू मारायचे, आणि माळवदाची माती आठ इंचांवर आणायची. पण ज्या बाईचं लेकरू दगडाखाली गेलं तिला तुम्ही दगडाच्या घरात परत जा असं कोणत्या तोंडानं सांगणार? दुरुस्तीसाठी मिळालेल्या पैशात बऱ्याच जणांनी जुनं घर मजबूत करायच्या ऐवजी शेजारी सिमेंटची एक खोली बांधली. त्यांना नावं ठेवण्याचा अधिकार बाहेरच्या कुणाला नाही.

1996. नवं गाव. जागतिक बँकेच्या मदतीनं चाललेल्या पुनर्वसनात 52 गावं नव्या जागी हलवली जाताहेत, अठ्ठावीस हजारांच्या आसपास घरं उभी राहताहेत. तुम्ही रुंद, सरळ रस्त्यावर उभे आहात. इतका रुंद की सावली पलीकडच्या घरापर्यंत पोचत नाही. घराचं माप जमिनीच्या सातबाऱ्यावरून ठरलंय: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या माणसाला 250 चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत 400, त्यापुढं 750. तुम्ही 250 फुटांच्या घरात शिरता. भूकंपाला ते उभं राहील, यात शंका नाही, आणि ती लहान गोष्ट नाही. पण भिंत पातळ आहे, छत पातळ आहे, ढेळज नाही, ओसरी नाही, बळद नाही, बैलाला जागा नाही. घरधनीण पुढच्या बाजूला पत्रे आणि तुराट्यांनी आडोसा करतेय. तिनं कुणाला विचारलं नाही. सहा महिन्यांत तिनं आराखड्यात राहिलेली ओसरी स्वतःच्या हातांनी जोडली.

दुरुस्तीच्या गावांत मात्र एक चांगली गोष्ट घडत होती. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीनं शेकडो गावांत बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं गेलं. त्या घरोघर जाऊन सिमेंट किती आलं, पट्टा घातला की नाही, गवंड्यानं कोपऱ्यात सळी टाकली की नाही, हे तपासत. चूल कुठं असावी हे ज्यांना कळतं त्यांना पट्टाही कळतो, हे तिथं सिद्ध झालं.

पुढचा थांबा 2016, महिना एप्रिल, रात्रीचे अकरा. तुम्ही पुन्हा उदगीरला आहात, एका स्लॅबच्या खोलीत. चार-पाच इंचांच्या स्लॅबला दुपारचं ऊन पार करायला तीन-चार तास पुरतात. म्हणजे संध्याकाळी घराला धग लागते आणि मध्यरात्रीपर्यंत ती तुमच्या डोक्यावर उतरत राहते. पंखा तीच गरम हवा फिरवतो. कोपऱ्यात कूलर आहे, पण त्याची टाकी कोरडी. कूलरला तासाला पाच-दहा लिटर पाणी लागतं, आणि या महिन्यात लातूरला पाणी रेल्वेनं येतंय. 12 एप्रिलला मिरजेहून पहिली गाडी आली, दहा वाघिण्या, पाच लाख लिटर. ज्या मुलखात प्यायचं पाणी आगगाडीनं आणावं लागलं तिथं आपण अशी घरं बांधून बसलो की जी पाणी ओतल्याशिवाय गार होत नाहीत. हे मला फार लागतं. भूकंपानं आपल्याकडून एक घर नेलं आणि त्याच्या बदल्यात आपण त्या आभाळाशी काही नातं नसलेलं घर स्वीकारलं, तेही गरिबाच्या माथी.

कारण गरिबाचं घर म्हणजे घरकुल. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराचं किमान क्षेत्र 25 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 269 चौरस फूट. आता 1905 च्या सुताराची काठी हातात घ्या. सहा फूट रुंद आणि नऊ फूट लांब असा खण धरा: 54 चौरस फूट. पाच खणांचे झाले 270. शासनानं दिल्लीत ठरवलेलं माप आणि उदगीरच्या सुताराचं पाच खणांचं घर एकमेकांवर जवळजवळ तंतोतंत बसतात. ही जागा कमी नाही. तिची मांडणी चुकतेय.

यापुढं तुम्हाला जिथं नेतोय ते अजून घडलेलं नाही. पण त्यातली एकही वस्तू स्वप्नातली नाही. सगळ्या आज मिळतात.

मे 2041. देगलूर रोडच्या कडेला काळ्या रानालगतचा प्लॉट. आधी पाया पाहा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, तिच्यावर घर टेकवलं तर भिंत तडकणारच. म्हणून ती काढून खाली मुरमापर्यंत गेलेत आणि जोत्यावर सळईचा पट्टा फिरवलाय. जोत्याच्या पोटात पाण्याची टाकी आहे. वर पाच खण. खांब आणि तुळया बोल्टांनी जोडलेल्या, प्रत्येक कोनात तिरपा टेकू. 1993 च्या पहाटे उभ्या राहिलेल्या सांगाड्याला जे कमी होतं, ते इथं आहे. भिंती पडल्या तरी छत पडणार नाही, हा पहिला नियम.

भिंती एकसारख्या नाहीत, आणि खरी हुशारी इथंच आहे. पश्चिमेची भिंत जाड, मुरूम आणि थोडा सिमेंट-चुना मिसळून यंत्रानं दाबलेल्या, न भाजलेल्या ठोकळ्यांची. जोत्यावर, खिडकीखाली आणि खिडकीवर असे तीन पट्टे तिला बांधून ठेवतात. दुपारनंतरचा मारा ती सोसते. उत्तर आणि पूर्वेच्या भिंती कुडाच्या. तुराट्यांचे विणलेले ताटवे, दोन्ही अंगांनी चुना-मातीचा गिलावा. तूर माणसाच्या उंचीची होते, म्हणून तिचा ताटवा सहा फुटी खणात नेमका बसतो. ज्या तालुक्यात दर हंगामात तुराट्यांचे ढीग बांधावर जाळले जातात तिथं भिंतीचं सामान शेतातच पडलेलं आहे. वाळवीची आणि आगीची भीती खरी आहे. ताटवा जोत्याच्या वर हातभर ठेवायला हवा, गिलावा कुठंही उघडा पडू द्यायचा नाही, आणि चुलीच्या बाजूला कूड नको.

छताकडं बघा. कुंभारानं चाकावर घडवलेली, पेल्यासारखी निमुळती कौलं एकात एक घालून कमान केलेली आहे. वर्ध्याचं सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस, 1976 मध्ये देवेंद्र कुमार यांनी उभं केलेलं, ही गुणा टाइल कित्येक वर्षांपासून शिकवतंय. सहा फुटांच्या खणावर तिची छोटी कमान सहज बसते. ती बाहेर फाकू नये म्हणून खाली लोखंडी ताण आहेत. कमानीवर चार इंच माती आणि चुन्याचा पांढरा थर. वजन दर चौरस मीटरला दोन फूट मातीच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकंच. चार इंच मातीनं दोन फुटांचं काम होत नाही, म्हणून तिच्यावर वीतभर जागा सोडून उन्हाळ्यापुरता तुराट्यांचा मांडव घातलाय. ऊन मांडवावर थांबतं, मधून वारा वाहतो. आणि माथ्याला सानं आहे, दोरीनं उघडमिट होणारं. रात्री उघडायचं, घरातली गरम हवा वर निघून जाते. सकाळी आठच्या आत बंद.

ओसरी पूर्वेला. ती पहिल्याच दिवसापासून आहे, मागाहून जोडलेली नाही.

पाण्याचा हिशेब घरधनीण तोंडपाठ सांगते. 25 चौरस मीटर छत, वर्षाचा पाऊस आठशे मिलिमीटर धरा, थोडा वाया गेला तरी सोळा हजार लिटर टाकीत येतं. पाच माणसांचं पिणं आणि स्वयंपाक दिवसाला पन्नास लिटरमध्ये भागतो. म्हणजे दहा महिने. "दुष्काळात निम्मंच येतं," ती म्हणते, "पर निम्मं तरी घरचं ऱ्हातंय."

हे सगळं 2041 मध्ये का, आज का नाही? केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानं 'पहल' या नावानं प्रदेशवार घरांचे नमुने याआधीच छापलेत. कागदावर मुभा आहे. पण घरकुलाचा हप्ता टप्प्याटप्प्यानं, फोटो दाखवल्यावर मिळतो, आणि फोटोत स्लॅब दिसला की कुणी प्रश्न विचारत नाही. कूड दिसला तर प्रश्नांची यादी येते. शिवाय तुराटीच्या भिंतीला अजून झोपडीचा कलंक चिकटलेला आहे, आणि उभं आयुष्य झोपडीत काढलेल्या माणसाला पक्कं घर हवं असतं. त्याच्या इच्छेचा मान राखूनच हे करावं लागेल. म्हणून पहिली दहा घरं गरिबाच्या प्लॉटवर नकोत. ती तहसील कार्यालयाच्या आवारात, शाळेच्या वर्गखोलीत, अंगणवाडीत, डॉक्टरच्या आणि मास्तरच्या घरी बांधा. गावानं दोन उन्हाळे आत बसून पाहावं, मग ठरवावं. आणि गवंड्याला शिकवताना लांब दगडाची, बोल्टाची, पट्ट्याची वेगळी मजुरी आधी लावा. 1905 चा तो गवंडी अडाणी नव्हता. त्याच्या दिवसाचे पैसे द्यायला कुणी तयार नव्हतं, एवढंच.

घरधनीण तुम्हाला मागच्या अंगाला नेते. तिथं दोन खांब आधीच उभे आहेत, त्यांवर तुळई, आणि पुढं मोकळी जागा. मुलगी नर्सिंग शिकून परत यायचीय, तिला स्वतंत्र खोली हवी. सहावा खण. सुतारीण, हो, सुतारीणच, बोल्टांची पिशवी घेऊन आलीय आणि पश्चिमेच्या भिंतीवरून दोघींचा वाद चाललाय. ठोकळे संपलेत, तेवढ्यापुरता ताटवा लावू, असं सुतारीण म्हणते. घरधनीण ऐकायला तयार नाही. "मावळतीला कूड न्हाई चालायचा. चार दिस थांबते, पर ठोकळेच आना. आन् मिरग निघायच्या आत वरली कमान बसली पायजे, टाकीला ते पानी लागतंय मला."